आईच्या झोपेचा कागद

ता. ३ फेब्रुवारी

चि. बापू यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, माझं बरं चाललंय. फोनवर आपण दोघं नुसतं ‘हं’ आणि ‘बरं’ करत राहतो, आणि ठेवल्यावर आठवतं की बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून पत्र. तुझ्या हेडमास्तरी डोळ्यांना शुद्धलेखनाच्या चुका दिसतीलच. लाल शाईने खुणा करून परत पाठवू नकोस म्हणजे झालं.

चौकशी परवा सुरू झाली, इथे माझ्याच शहरात. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह घेतलंय. समोर उंचावर आयोगाचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. आवाज इतका बारीक की सगळा हॉल पुढे वाकून ऐकतो. एका बाजूला वृद्धाश्रमाच्या संस्थेचे वकील, दुसऱ्या बाजूला पाण्यात गेलेल्यांच्या घरच्यांचे, म्हणजे आमचे. मधे साक्षीदाराचं टेबल, त्यावर माइक आणि पाण्याचा जग. कागदपत्रं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवतात. एकेक अक्षर वीतभर दिसतं.

सभागृहामागच्या दोन खोल्यांवर ‘आधार कक्ष’ अशी पाटी लावलीय. मी आधी नाक मुरडलं. म्हटलं, सरकारी खात्यात आता रडायचीही सोय झाली. पण तिथली बाई भली निघाली. वीस वर्षं प्रसूतिगृहात सुईण होती. इथलं काम त्याहून फार वेगळं नाही म्हणाली, माणसाच्या शेजारी बसायचं आणि वेळ जाऊ द्यायचा. मी तिचं नाव आधारबाई ठेवलंय. तिने मला रिकाम्या हॉलमध्ये नेऊन साक्षीदाराच्या खुर्चीत बसवलं, माइकचा लाल दिवा दाखवला. टेबलावर एक पिवळं कार्ड असतं. बोलणं असह्य झालं तर ते उभं करायचं, काम थांबतं, कारण कुणी विचारत नाही. आणि साक्ष देताना शेजारच्या खुर्चीवर आपलं एक माणूस बसू शकतं. तुझ्या शाळेच्या परीक्षा असणार, म्हणून मी तिचंच नाव दिलंय.

तिने एक गृहपाठही दिलाय. जे घडलं ते, वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं समजून, एकदा लिहून काढायचं. म्हणजे हॉलमध्ये जीभ अडखळत नाही. तुझ्यावरच प्रयोग करते.

आमची आई एक्क्याऐंशी वर्षांची होती. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यातली निम्मी पहाटपाळीत. निवृत्त झाल्यावरही पाचच्या ठोक्याला जागी. बाबा गेल्यावर आम्ही दोघा भावंडांनी तिला कालव्याकाठच्या वृद्धाश्रमात ठेवलं, कारण तो भावाच्या घरापासून वीस मिनिटांवर होता. मी गाडीने सहा तासांवर. गेल्या वर्षी सतरा मेला पहाटे पाच वीसला वृद्धाश्रमामागचा कालव्याचा बांध फुटला. अर्ध्या तासात तळमजल्यावर कमरेएवढं पाणी आलं. तिथे एकोणीस माणसं होती, त्यातली अकरा गेली. वरच्या मजल्यावरचे सगळे वाचले. वर जायचा जिना चौदा पायऱ्यांचा, आणि आई तो रोज दोनदा चढायची, वरच्या मैत्रिणीशी पत्ते खेळायला.

आई पलंगावर सापडली, पांघरुणात. तेव्हा माझा प्रश्न एकच आहे. पाण्याच्या आधी वीस मिनिटं जी बाई जागी असायला हवी होती, ती झोपलेली कशी राहिली? मी हॉलमध्ये एवढंच विचारणार आहे.

लिहून झालं. सौ.ला आणि चिरंजीवांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी,
ताई

*

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस बापूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाला दहापैकी सात. ‘असह्य’ बरोबर लिहिलंस, म्हणून एक गुण वाढवून आठ.

तुझी आधारबाई मला आवडली. तुला कुणीतरी शेजारी बसणारं मिळालं, या एका गोष्टीने मला इथे हलकं वाटलं. मी यायला हवं होतं, कळतं मला. पण पूर्वपरीक्षा तोंडावर आहेत, आणि दोन शिक्षक एकाच आठवड्यात आजारी पडायचं ठरवून बसलेत. गणिताचे तास मीच घेतोय. वर्गाला माझी दया येते.

ताई, एक सांगू? झोपेचा मुद्दा तू काढू नयेस असं मला वाटतं. वकील लोक असल्या मुद्द्यावर माणसाला धारेवर धरतात. एक्क्याऐंशीचं वय, त्या दिवशी लागली असेल झोप, तुम्ही तिथे होतात का, असं विचारून तुला रडकुंडीला आणतील. त्यापेक्षा आईबद्दल बोल. तिचा आवाज, तिचे पत्ते, तिचा तो दरारा. लोकांना कळू दे, कोण गेलं ते. बांध कुणी बांधला, दुरुस्ती कुणी टाळली, ते इंजिनियर लोक बघतील. तू स्वतःला जाळून घेऊ नकोस. तुझं रक्तदाबाचं दुखणं मला माहीत आहे.

मलाही आयोगाचं पत्र आलं होतं, घरच्यांपैकी म्हणून. मी दोन ओळींचं निवेदन पाठवून दिलं. त्यात विशेष काही नाही.

हिने तुझ्यासाठी लोकरीचा स्कार्फ विणायला घेतलाय. ग्रंथालयाचे हॉल गार असतात म्हणते. रंग विचारायला सांगितलाय. मी राखाडी म्हणालो तर हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी राखाडी लगेच मागे घेतला.

जेवण वेळेवर घे. दुकानातून सुट्टी मिळते का? मालक कुरकुर करत असतील तर मी त्यांना शाळेच्या कागदावर, शिक्क्यासकट पत्र लिहितो.

तुझ्या मायेचा भुकेला,
बापू

*

ता. १६ फेब्रुवारी

चि. बापू यास अनेक आशीर्वाद.

स्कार्फ निळा सांग. आणि मालकांना पत्र नको. तीस वर्षं मी त्यांची औषधं विकतेय, एवढं तर ते समजून घेतातच.

तुझा सल्ला मी दोनदा वाचला. आधारबाईलाही सांगितला. तिने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. झोपेबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं तर मला कसं वाटेल, एवढंच विचारलं. आणि बापू, मी तिथल्या तिथे फुटले. कुणालाच न सांगितलेली गोष्ट मी तिला सांगितली. तुलाही आज पहिल्यांदा सांगतेय.

गेल्या हिवाळ्यापासून आई मला फोनवर म्हणायची की तिची सकाळ रोज कुणीतरी चोरतंय. आठ वाजले तरी डोकं कापसाने भरल्यासारखं असतं, पाय जड होतात, शब्द सापडत नाहीत. मी तिला म्हणाले की वयाप्रमाणे होतं असं. मी, बापू. रोज दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी विचारते, रात्री काही घेता का, गोळी बदलली का, सकाळी चक्कर येते का. आणि स्वतःच्या आईला विचारलं नाही. तिने मला चोरी झाल्याचं सांगितलं आणि मी तिला वय सांगितलं.

आणि आता काल काय झालं ते ऐक. वृद्धाश्रमातली रात्रपाळीची आया साक्षीला आली होती. गरीब बाई, पदराशी चाळा करत बोलत होती. एकोणीस माणसांना रात्री ती एकटी असायची. म्हणून तळमजल्यावरच्या बहुतेकांना संध्याकाळी साडेसातला दुधाबरोबर झोपेची गोळी देत, सकाळी सातच्या आत कुणी उठू नये म्हणून. बांध फुटला तेव्हा ती एकेकाला गदागदा हलवत होती, पण डोळे उघडेनात. आठ जणांना तिने ओढत जिन्यावर नेलं. मग पाणी वाढलं. वकिलांनी विचारलं, हे कुणाच्या परवानगीने? ती म्हणाली, ज्यांच्या घरून सहीचा कागद आला त्यांनाच द्यायचे, व्यवस्थापकांकडे फाईल होती.

हॉलमध्ये एकच गदारोळ झाला. बाहेर व्हरांड्यात आम्ही सगळे घरचे जमलो आणि जो तो म्हणू लागला की आम्ही असली सही दिलेली नाही. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मी म्हणाले, आमच्याकडून तर नाहीच, माझ्या भावाची हमी मी माझ्यासारखी देते. एक निवृत्त बस कंडक्टर आहेत, त्यांची बायको गेली. ते तेवढे खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आमच्या वकिलांना प्रत्येक घरून एका ओळीचं पत्र हवंय, की आमची संमती कधी मागितली नाही, आम्ही दिली नाही. तुझं लगेच पाठव. ते लोक खोट्या सह्या दाखवणार असतील तर आपण तयार असायला हवं. माझी साक्ष सव्वीसला आहे.

सगळ्यांना आशीर्वाद. तुझ्या पत्राने बळ येतं, हात आखडू नकोस.

तुझी,
ताई

*

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

घाईत लिहितोय. शाळेत तपासणी आहे.

ते पत्र जरा थांबून पाठवतो. वकिलांच्या सांगण्यावरून एकदम काही लिहून देणं बरं नाही, शब्द अंगाशी येतात. तू साक्ष लेखी देऊ शकतेस, मी चौकशी करून ठेवलीय. प्रकृतीचं कारण चालतं. मी अर्ज लिहून पाठवू का? नुसती सही कर.

आईच्या त्या सकाळींबद्दल तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तुझा काही दोष नाही, हे मी अगदी छातीवर हात ठेवून सांगतो. आईचं जे काही ठरवलं ते आपण दोघांनी मिळूनच ठरवत आलो, आणि तिच्या भल्यासाठीच, एवढं लक्षात ठेव.

स्कार्फ होत आलाय.

बापू

*

ता. २७ फेब्रुवारी

बापू,

पंचवीसला दुपारी आधारबाईने मला आतल्या खोलीत बोलावलं. तिथे नियम आहे. ज्या कागदात आपला उल्लेख आहे आणि जो उद्या पडद्यावर येणार आहे, तो आदल्या दिवशी आपल्याला खोलीत दाखवतात, म्हणजे चारचौघांत धक्का बसू नये. तिने दार लावलं, पाण्याचा ग्लास माझ्याजवळ सरकवला आणि सांगितलं की कागद दोन आहेत, वेळ कितीही घ्या.

पहिल्या कागदावर आईचं नाव, गोळीचं नाव, मात्रा. ती गोळी मला चांगली माहीत आहे. सत्तरीपुढच्या माणसाला देताना आम्ही चिठ्ठी दोनदा वाचतो. तारीख अकरा नोव्हेंबर, बांध फुटायच्या सहा महिने आधीची. खाली सही. माझा भाऊ सहीखाली एक रेघ ओढतो आणि रेघेखाली दोन टिंबं देतो. प्रगतिपुस्तकांवर हजारो वेळा दिलेली टिंबं. मी खोट्या सह्यांबद्दल बोलत होते ना? ही खोटी नव्हती.

मी आधारबाईला म्हणाले की असेल, त्याला कळलं नसेल कशावर सही करतोय ते. बघ, तेव्हाही मी तुझीच बाजू घेत होते.

मग तिने दुसरा कागद दिला. तुझं दोन ओळींचं निवेदन. ते सव्वा पानाचं आहे. त्यात तू लिहिलंयस की हा निर्णय तू एकट्याने घेतलेला नाही. तुझी बहीण अनेक वर्षं औषधांच्या दुकानात काम करते, तिच्याशी बोलून, तिच्या जाणकार सल्ल्याने घेतलास. तारीख अठ्ठावीस जानेवारी.

ती तारीख मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. अठ्ठावीस जानेवारी. माझं पहिलं पत्र तुला मिळालं त्याच्याही आधीची. म्हणजे तू शुद्धलेखनाला आठ गुण दिलेस तेव्हा हा कागद टपालात पडून गेला होता. तू माझ्या रक्तदाबाची काळजी करत होतास तेव्हा. लेखी साक्षीचा अर्ज लिहून देत होतास तेव्हा. मी तुला ती सकाळ चोरल्याची गोष्ट लिहिली, जी मी नऊ महिने गिळून बसले होते, आणि तू छातीवर हात ठेवून लिहिलंस की माझा दोष नाही. कुणाचा आहे ते तुला माहीत होतं. केसाने गळा कापलास रे.

आधारबाईवरही मी भडकले. तिने कबूल केलं की कागद तिने दोन दिवस आधी वाचले होते आणि सांगायची तिला मुभा नव्हती. मी म्हणाले, म्हणजे तुम्हीही त्यातल्याच. तिने स्वतःची बाजू मांडली नाही. मला समजावलंही नाही. मी उठून जाईपर्यंत बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दारात उभी होती.

सव्वीसला मी खुर्चीत बसले. तुझी दोन टिंबं पडद्यावर माझ्या तळहाताएवढी दिसत होती. संस्थेच्या वकिलांनी विचारलं की हा सल्ला मी दिला होता का. मी म्हणाले,

“मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच संध्याकाळच्या गाडीने मी आईला माझ्याकडे घेऊन आले असते.”

त्यावर ते म्हणाले की म्हणजे तुम्हा दोघा भावंडांपैकी एकजण आयोगाशी खोटं बोलतंय, कोण ते सांगा. मी पिवळं कार्ड उभं केलं. कुणी कारण विचारलं नाही. बाहेर व्हरांड्यात मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि आधारबाई शेजारी. सात मिनिटं. त्या सात मिनिटांत मी तुझ्यासाठी एखादं वाक्य शोधत होते, खरं असेल आणि तुला वाचवेलही असं. सापडलं नाही. आत गेले आणि म्हणाले,

“माझा भाऊ.”

बाहेर पडले तर व्हरांड्यातल्या घरच्या लोकांनी मला वाट करून दिली, जशी आजाऱ्याला देतात. अकरा दिवसांपूर्वी याच जागी मी तुझी हमी दिली होती. कंडक्टर तेवढे जवळ आले. त्यांनीही सही केली होती, आणि ते त्यांनी आदल्याच दिवशी आपण होऊन आयोगाला सांगितलं होतं. ते मला म्हणाले की तुमच्या भावाला झोप लागत नसेल. मी म्हणाले की ते तुम्ही त्यालाच विचारा.

स्कार्फ पाठवू नकोस.

ताई

*

ता. ६ मार्च

ती. ताईस,

नमस्कार लिहायचाही धीर होत नाही. तरी करतो.

तू लिहिलंस ते अक्षर न् अक्षर खरं आहे. आता जे झालं ते सांगतो. यातून काही माफ होईल म्हणून नव्हे.

ऑक्टोबरात व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतलं. आई पाचला उठते, दिवे लावते, शेजारच्या बायकांना उठवून व्हरांड्यात फिरायला नेते. एकजण पडता पडता वाचली. रात्रपाळीला एकच बाई, तिला आवरत नाही. एकतर गोळी सुरू करू, नाहीतर पुढच्या महिनाअखेर आईंना घरी न्या. मी घरी येऊन हिच्याशी बोललो. तुला माहीत आहे, दोन खोल्या, चिरंजीवाचं महत्त्वाचं वर्ष, हिची आईही आमच्याकडेच. पण खरं सांगू, जागा करता आली असती. मी पंधरा दिवस काढले आणि अकराला जाऊन सही केली. आईला सांगितलं नाही. दुधात काय आहे ते तिला कधीच कळलं नाही.

तुला का विचारलं नाही? तू गोळीचं नाव ऐकताच नाही म्हणाली असतीस. आईला घेऊन गेली असतीस, नोकरी सोडली असतीस. आणि मग सगळ्यांना दिसलं असतं की वीस मिनिटांवरच्या हेडमास्तर मुलाला जमलं नाही ते सहा तासांवरच्या मुलीने केलं. मला ते दिसू द्यायचं नव्हतं. बस. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, मिळालं नाही.

निवेदनात तुझं नाव का घातलं तर भीतीने. माझ्या ओळखीचे एक वकील म्हणाले की औषधातलं कळणाऱ्या माणसाचा सल्ला होता असं आलं तर निष्काळजीपणा ठरत नाही. लिहिताना मनात आलं की तू सांभाळून घेशील. लहानपणापासून घेत आलीस. मी फोडलेल्या काचा तुझ्या नावावर गेल्या आणि तू ब्र काढला नाहीस. मी पन्नाशी उलटल्यावरही तेच धरून चाललो.

मला आता समक्ष बोलावलंय, अठरा मार्चला. शेजारी एक माणूस बसू शकतं, तूच लिहिलं होतंस. ताई, तू बसशील का? मी सगळं खरं सांगेन. पण त्या खुर्चीत एकट्याने बसायची माझी छाती होत नाही. आणि तू शेजारी दिसलीस तर लोकांनाही दिसेल की घर अजून एक आहे.

तुझा अपराधी,
बापू

*

ता. ११ मार्च

बापू,

नाही. मी शेजारी बसणार नाही.

तुझं पत्र शेवटच्या वाक्यापर्यंत मी तुला सोबत करायच्या विचारात वाचत होते. मग ते लोकांना दिसण्याचं आलं. गोळी तू लोकांना दिसू नये म्हणून दिलीस आणि मला लोकांना दिसावं म्हणून बसवतोयस.

पण ती खुर्ची रिकामी असणं वाईट असतं, हे मी बघितलंय. कंडक्टर एकटे बसले होते, दर उत्तरानंतर शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. म्हणून आधारबाईला मी विचारलं की ती तुझ्या शेजारी बसेल का. ती म्हणाली की तुम्हाला चालणार असेल तर. मी चालेल म्हणाले. चालत नव्हतं, तरी म्हणाले. सव्वानऊला आधार कक्षात जा. ती फार बोलत नाही. तिला खोटं सांगू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

ताई

*

ता. १८ मार्च, संध्याकाळ

ती. ताईस,

गाडीला अजून तास आहे, फलाटावरच्या बाकावर बसून लिहितोय. बोललो. दोन तास चाळीस मिनिटं. बाई शेवटपर्यंत होत्या. बाहेर पडल्यावर मी रडलो आणि त्यांनी माझं दप्तर धरून ठेवलं.

शेवटच्या रांगेत निळी साडी दिसल्यासारखी वाटली. उठून पाहिलं तोवर दार हलत होतं. तू होतीस का?

बापू

*

ता. २४ मार्च

चि. बापू,

होते. दाराजवळच्या खुर्चीत, पहिल्या मिनिटापासून.

तू निवेदन मागे घेतलंस, माझं नाव खोटं घातल्याचं कबूल केलंस, ते मी ऐकलं. अध्यक्षांनी विचारलं की बहिणीला का सांगितलं नाही, तेव्हा पत्रात होतं तेच उत्तर दिलंस, एक शब्दही सौम्य न करता. अवघड गेलं असेल. माझ्या दोन्ही बाजूंना बाकीच्या घरांतली माणसं होती. गेलेल्या अकरा माणसांपैकी नऊ जणांच्या घरून सह्या होत्या, हे आता सगळ्यांना कळून चुकलंय. त्यामुळे हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघत नाही. आधार कक्षात मात्र जागा पुरेनाशी झालीय, बाहेर बाकडी टाकलीयत.

आणि मग तू ते सांगितलंस. कुणी विचारलंही नव्हतं. आई तुला रोज पहाटे सव्वापाचला फोन करायची. आज हवा कशी आहे, स्वप्न काय पडलं, शाळेत काय चाललंय, पाच-सहा मिनिटं. गोळी सुरू झाली आणि ते फोन थांबले. तू माइकमध्ये म्हणालास,

“फोन बंद झाले तेव्हा मला बरं वाटलं. मी साडेसहापर्यंत झोपू लागलो.”

मी त्यानंतर उठले.

बापू, ते फोन मला माहीत नव्हते. मला ती रविवारी दुपारी फोन करायची, आठवड्यातून एकदा, आणि मी समजत होते की तिला फोनचा कंटाळा आहे. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेली बाई, तिला सकाळचा पहिला आपला फोन तुला करायचा असायचा. तू तो सोडलास. आणि त्याचं बरं वाटलं, हे तू मला लिहिलं नाहीस. सहा तारखेचं तुझं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. त्यात सगळं आहे, व्यवस्थापक, खोल्या, वकील, काचा, फक्त हे नाही. याहून मोठं कारण मिळालं नाही असं लिहिलंस, आणि ते तुझ्या खिशात होतं. ते तू अडीचशे परक्या माणसांसमोर काढलंस.

दुसऱ्या दिवशी मी आधार कक्षात गेले. आधारबाईला म्हणाले की मला हेच कळत नाही, सांगितलं म्हणून राग यावा की मला सांगितलं नाही म्हणून. ती म्हणाली की दोन्ही येऊ द्या, घाई नाही, अहवाल यायला अजून चार महिने आहेत. मी घरी निघाले तेव्हा तिने विचारलं की तुमच्या भावाला पुढेही फोन करत राहू का, तो म्हणाला तर. मी हो म्हटलं.

आता माझं ऐक. भेटायला येऊ नकोस. अहवाल येईपर्यंत तरी नको. फोनही नको. सौ.वर माझा राग नाही, तिला तसं सांग. चिरंजीवाला खरं काय ते तू स्वतः सांग, वर्तमानपत्रातून कळू देऊ नकोस.

पत्र लिहिलंस तर मी वाचेन. उत्तर देईन की नाही ते माहीत नाही. पण हवापाण्याचं, प्रकृतीचं, गमतीचं काही लिहू नकोस, ती गोड पत्रं मला आता वाचवत नाहीत. आईबद्दल अजून काही उरलं असेल, कितीही वाईट असेल, तर ते लिही. आणि यापुढे जे खरं असेल ते आधी मला कळव, मग जगाला.

लोभ कमी झालेला नाही. झाला असता तर सोपं गेलं असतं.

ताई